रक्त निवळले, खाज राहिली

अंगाला खाज सुटली की ‘रक्त बिघडलं असेल’ असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. कडुनिंबाचा रस घ्यायचा, वांगे बंद करायचे, रक्तशुद्धीचा काढा आणायचा, हे सगळे त्याच समजुतीतून आलेले. या समजुतीला हसण्याचे कारण नाही. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांना जी चिवट खाज सुटते तिच्याबद्दल पाश्चात्त्य वैद्यकानेही शंभराहून अधिक वर्षे जवळजवळ हाच विचार केला. रक्तात कोणते तरी विष साचते, ते त्वचेत उतरते आणि खाज सुटते. ते विष ओळखून काढून टाकले की खाज थांबेल. विचार सरळ होता आणि मुख्य म्हणजे तपासून पाहता येण्याजोगा होता. विसाव्या शतकात तो तपासण्याची संधीही चालून आली, कारण रक्त खरोखरच धुऊन काढणारे यंत्र माणसाच्या हाती आले.

यंत्राने रक्त बऱ्याच अंशी निवळले, रुग्ण जगले, कामाला लागले. पण त्यांतल्या अनेकांना रात्र रात्र झोपू न देणारी खाज तशीच राहिली. पाठीला, दंडांना, कधी सर्वांगाला सुटणारी. त्वचेवर पुरळ नाही, गांधी नाहीत, दिसतात ते फक्त खाजवल्याचे ओरखडे. ती का राहिली याचा शोध अजून चालू आहे. त्या शोधाची हकीकत वर्गात सांगण्याजोगी आहे असे आम्हांला वाटते, कारण एखादे कारण ‘सापडले’ असे म्हणण्यापूर्वी विज्ञानाला किती घासाघीस करावी लागते हे तिच्यातून छान दिसते.

यूरियावर पहिला आळ

खाजेची व्याख्या फार जुनी आहे. जर्मन वैद्य सॅम्युएल हाफेनरेफर याने १६६० मध्ये म्हटले की, जी नकोशी संवेदना खाजवण्याची इच्छा उत्पन्न करते ती खाज. व्याख्येत कारणाचा पत्ता नाही, केवळ परिणाम आहे. तरीही साडेतीनशे वर्षे ती टिकून आहे, यावरून हा विषय किती निसरडा आहे ते कळावे.

मूत्रपिंडांचा संबंध एकोणिसाव्या शतकात जुळला. १८२० च्या दशकाच्या सुरुवातीस प्रेव्हो आणि द्यूमा या दोघांनी प्राण्यांची मूत्रपिंडे काढून टाकली तेव्हा त्यांच्या रक्तात यूरिया वाढलेला आढळला. मूत्रपिंडे यूरिया तयार करत नाहीत, तो रक्तातून फक्त बाहेर टाकतात, हे यावरून उघड झाले. १८४० साली पिओरी या फ्रेंच वैद्याने या अवस्थेला ‘यूरेमिया’ हे नाव दिले. शब्दशः अर्थ, रक्तात मूत्र. नावातच निदान आले. पुढे १८६५ मध्ये हर्शस्प्रुंग या डॅनिश डॉक्टरने एक चमत्कारिक लक्षण नोंदवले. मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेल्या रुग्णाच्या त्वचेवर घाम वाळून यूरियाचे पांढरे स्फटिक जमतात, जणू दहिवर पडून गोठावे तसे. ज्याने हे पाहिले त्याने खाजेसाठी दुसरा संशयित कशाला शोधावा?

पण आरोपाच्या बाजूने जे डोळ्यांना दिसत होते त्याला पुढे आधार मिळाला नाही. यूरियाची पातळी सारखीच असलेल्या दोन रुग्णांपैकी एकाला खाज असते, दुसऱ्याला नसते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डॉक्टरांनी १९७२ मध्ये एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. डायलिसिसच्या द्रावणातच यूरिया मिसळून त्यांनी रुग्णांच्या रक्तातील यूरिया मुद्दाम चढा ठेवला, बाकीची द्रव्ये मात्र नेहमीप्रमाणे निघून जाऊ दिली. बरीच उच्च पातळी गाठेपर्यंत रुग्णांना फारसा त्रास झाला नाही. आणि आजची गंमत अशी की, कोरड्या त्वचेवर लावण्यासाठी डॉक्टर जी मलमे देतात त्यांतल्या कित्येकांत यूरियाच असतो. तो त्वचेत पाणी धरून ठेवतो.

कागद, सॉसेजचे आवरण आणि टेफ्लॉनची नळी

आता यंत्राकडे वळू. त्याचे तत्त्व थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६१ साली मांडले. चर्मपत्रासारख्या कागदाच्या एका बाजूला मूत्र आणि दुसऱ्या बाजूला पाणी ठेवले तर यूरियाचे लहान रेणू पाण्यात उतरतात, प्रथिनांसारखे मोठे रेणू मागे राहतात. या क्रियेला त्याने ‘डायलिसिस’ म्हटले. मराठीत ‘अपोहन’ हा चांगला शब्द आहे, पण रुग्णाच्या घरी तो कोणी उच्चारत नाही, म्हणून आम्हीही डायलिसिसच म्हणू. शाळेत हे दाखवायचे तर नळीच्या आकाराच्या सेलोफेनमध्ये पिठाची खळ भरून ती पातळ आयोडीनच्या पाण्यात सोडावी. आयोडीन आत शिरते व खळ निळी होते. बाहेरचे पाणी निळे होत नाही, कारण पिष्टाचा रेणू बाहेर येऊ शकत नाही. मात्र बाजारात सेलोफेन म्हणून मिळणारा चकचकीत कागद पुष्कळदा साध्या प्लास्टिकचा असतो. त्यातून काहीच जात नाही आणि शिक्षकांची फजिती होते. तेव्हा अगोदर करून पाहावे.

ग्रॅहमच्या कागदापासून रुग्णाच्या खाटेपर्यंत यायला ऐंशी वर्षे लागली. बाल्टिमोरला एबल व त्याच्या सहकाऱ्यांनी १९१३ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग केले. रक्त गोठू नये म्हणून जळवांपासून काढलेले द्रव्य वापरले. १९२४ मध्ये जर्मनीत गेओर्ग हास याने माणसावर प्रथम प्रयत्न केला. हॉलंडमधील काम्पेन या गावी विलेम कोल्फ याने जर्मन फौजांच्या अमलाखाली, १९४३ मध्ये, लाकडी पट्ट्यांच्या फिरत्या पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळून पहिले वापरण्याजोगे कृत्रिम मूत्रपिंड उभारले. सॉसेजच्या आवरणासाठी वापरतात तीच ही नळी. त्याचे सुरुवातीचे बहुतेक सर्व रुग्ण दगावले. सप्टेंबर १९४५ मध्ये एक ६७ वर्षांची स्त्री शुद्धीवर आली, ती यंत्रामुळे वाचलेली पहिली रुग्ण.

तरी अडचण राहिलीच. प्रत्येक वेळी नवी रोहिणी आणि नवी शीर उघडावी लागे. काही दिवसांत मूत्रपिंडे आपोआप सुधारणार असतील तरच या यंत्राचा उपयोग. जी कायमची गेली त्यांच्यासाठी नाही. सिअ‍ॅटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नरने ही कोंडी फोडली. टेफ्लॉनवर रक्त सहजासहजी गोठत नाही. त्याने टेफ्लॉनच्या नळ्या रुग्णाच्या हातातील रोहिणी व शीर यांत कायमच्या बसवल्या आणि एरवी त्या बाहेरून यू आकाराच्या नळीने जोडून ठेवल्या. ९ मार्च १९६० रोजी क्लाइड शील्ड्स या ३९ वर्षांच्या कारागिरावर हे करण्यात आले. तो पुढे ११ वर्षे जगला.

आमच्या मते खाजेच्या इतिहासातील खरी तारीख हीच आहे. त्यापूर्वी ज्याची दोन्ही मूत्रपिंडे गेली तो काही आठवड्यांत मरत असे. त्याला खाज असली तरी ती मरणाच्या वाटेवरची एक नोंद. आता वर्षानुवर्षे जगणारा, यंत्रावर अवलंबून असलेला एक नवाच मानवी समुदाय निर्माण झाला आणि त्याच्याबरोबर ही दीर्घकाळची खाजही. पण तिच्याकडे लक्ष द्यायला कोणाला सवड होती? यंत्रे थोडी, रुग्ण फार. १९६२ पासून सिअ‍ॅटलमध्ये वकील, धर्मोपदेशक, बँकर, गृहिणी, कामगारनेता, सरकारी अधिकारी आणि शल्यवैद्य अशा सात जणांची समिती कोणाला यंत्र द्यायचे ते ठरवीत असे. म्हणजे कोणी जगायचे ते. ज्याची निवड झाली तो ‘मला खाज येते हो’ अशी तक्रार कोणत्या तोंडाने करणार? अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने उपचारांचा खर्च सरकारने उचलला, तेव्हा ही समितीची पद्धत मागे पडली. तक्रार न करण्याची सवय मात्र मागे पडली नाही. तिच्याकडे पुढे येऊच.

एक हिशोब येथेच करून ठेवू. निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास काम करतात. डायलिसिस सर्वसाधारणपणे आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी चार तास, म्हणजे १२ तास. शिवाय सेलोफेनसारख्या पटलातून ६० रेणुभाराचा यूरिया सहज जातो, पण काही हजारांत रेणुभार असलेली द्रव्ये अडतात. स्क्रिब्नर आणि त्याच्या सहकाऱ्यांनीच पुढे या ‘मध्यम रेणूं’वर बोट ठेवले. तेव्हा विषाची कल्पना यूरियापुरती कोसळली तरी मोडीत निघाली नाही. अपराधी बदलला, खटला तोच.

परावटू ग्रंथींचा दावा

१९६८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात, पाठोपाठच्या पानांवर, दोन लेख प्रसिद्ध झाले. एक बॉस्टनच्या डॉक्टरांचा, दुसरा लॉस एंजेलिसच्या. दोन्हींचा निष्कर्ष एक. कशालाही न जुमानणारी खाज असलेल्या डायलिसिसच्या रुग्णांच्या मानेतील परावटू ग्रंथींचा बराचसा भाग काढून टाकला आणि खाज काही दिवसांतच नाहीशी झाली.

यामागची साखळी पाठ्यपुस्तकात शोभावी अशी आहे. मूत्रपिंड बिघडले की स्फुरद म्हणजे फॉस्फरस शरीरात साचतो. ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देण्याचे शेवटचे कामही मूत्रपिंडच करते, तेही थांबते. परिणामी रक्तातील कॅल्शियम उतरते. ते सावरण्यासाठी परावटू ग्रंथी आपले संप्रेरक अधिकाधिक स्रवतात, स्वतः फुगतात आणि हाडांतून कॅल्शियम ओढून काढतात. रक्तात कॅल्शियम आणि स्फुरद दोन्ही जास्त झाले की त्यांचे क्षार नको तेथे, त्वचेतही, साचतात. खाजेला आणखी काय हवे?

डॉक्टरांना वाटले, सापडले. पण वर्षे गेली तसे अपवाद गोळा होऊ लागले. संप्रेरक भरमसाट वाढलेले पण खाज मुळीच नाही, असे रुग्ण होते. संप्रेरक कमी, तरी खाजवून रक्त काढणारेही होते. १९८९ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी सरळच विचारले: हे संप्रेरक त्वचेत टोचले तर खाज येते का? आली नाही. खाजणाऱ्या रुग्णांच्या त्वचेच्या तुकड्यांतही त्यांना ते आढळले नाही. कॅल्शियम-स्फुरदाचा संबंध काही मोठ्या पाहण्यांत दिसला, काहींत दिसला नाही. म्हणजे १९६८ चे लेख खोटे होते काय? मुळीच नाही. त्या रुग्णांची खाज खरोखरच थांबली होती. एका प्रकारच्या रुग्णांत जे खरे होते ते सर्वांना लावणे एवढीच घाई झाली. आजही परावटू फार वाढली असेल तर तिच्यावर उपचार करतात आणि काहींची खाज त्याने उतरते.

अर्ध्या अंगावरचा प्रकाश

आमच्या आवडीचा प्रयोग यानंतरचा. बॉस्टनच्या बार्बरा गिलख्रेस्ट आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये रुग्णांना अतिनील प्रकाशाखाली उभे केले. एका गटाला ‘ब’ प्रकारचे किरण, दुसऱ्या गटाला तुलनेसाठी ‘अ’ प्रकारचे. ‘ब’ गटातील १० पैकी ९ जणांना आराम पडला, दुसऱ्या गटातील ८ पैकी दोघांनाच. येथे थांबूनही चालले असते. पण त्यांनी पुढची पायरी गाठली. १९७९ च्या लेखात त्यांनी काही रुग्णांच्या अर्ध्या अंगाला ‘ब’ आणि उरलेल्या अर्ध्याला ‘अ’ किरण दिल्याचे सांगितले. खाज कोठे कमी झाली? दोन्हीकडे! प्रकाश पडला एका बाजूला, गुण आला सर्वांगाला. म्हणजे किरणांचा परिणाम त्वचेतून रक्तात किंवा चेतासंस्थेत कोठे तरी पोचत होता.

या उपचाराच्या वाट्यालाही नंतर तोच चढउतार आला. २०११ मध्ये तैवानमध्ये अरुंद पट्ट्याच्या ‘ब’ किरणांची चाचणी झाली, तीत तुलनेच्या गटापेक्षा खाजेची तीव्रता विशेष कमी झाली नाही.

खाजकुयलीचा धडा

आता एक साधा प्रश्न. डास चावला, अंगावर पित्त उठले, की आपण जी गोळी घेतो ती या रुग्णांना का लागू पडत नाही? दिली तर जातेच, त्याने गुंगी येते, थोडी झोप लागते, पण खाज बहुधा तशीच राहते.

उत्तर सह्याद्रीच्या रानात आहे. पावसाळ्यानंतर कुंपणांवर खाजकुयलीच्या केसाळ शेंगा लोंबतात. त्यांची लव अंगाला लागली तर काय होते हे खेड्यातल्या मुलांना सांगावे लागत नाही. पित्ताच्या गांधीमागे हिस्टॅमिन हे द्रव्य असते. थॉमस लुईसने १९२० च्या दशकात त्वचेची ही प्रतिक्रिया बारकाईने वर्णिली होती. पण खाजकुयलीची खाज वेगळी. ती हिस्टॅमिनविरोधी औषधाला दाद देत नाही. १९५५ मध्ये शेली आणि आर्थर यांनी तिच्या लवेतील प्रथिने तोडणारे विकर वेगळे केले. २००७-०८ च्या सुमारास दिसून आले की, हिस्टॅमिनची खाज आणि खाजकुयलीची खाज मेरुरज्जूपर्यंत नेणारे चेतातंतू निरनिराळे आहेत.

मुळात खाजेला स्वतःचे तंतू आहेत हे मान्य व्हायलाच वेळ लागला. फॉन फ्राय या जर्मन शरीरक्रियातज्ज्ञाने १९२२ मध्ये खाज म्हणजे दुर्बळ वेदना असे मांडले होते, आणि ही कल्पना फार वर्षे चालली. १९९७ मध्ये श्मेल्झ व सहकाऱ्यांनी माणसाच्या पायातील एकेका तंतूत सूक्ष्म विद्युत्-अग्र खुपसून नोंदी घेतल्या आणि हिस्टॅमिनला प्रतिसाद देणारे खास तंतू दाखवून दिले. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर. पायाच्या बोटाची खाज पाठीच्या कण्यापर्यंत पोचायला दोन सेकंद तरी लागावेत! दहा वर्षांनी, २००७ मध्ये, सन व चेन यांना उंदराच्या मेरुरज्जूत एक असा ग्राहक-रेणू सापडला, जो नसलेले उंदीर खाजवतात कमी, पण त्यांना वेदना मात्र नेहमीसारखी होते. दुर्बळ वेदनेची कल्पना येथे निकालात निघाली.

डायलिसिसच्या रुग्णांच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा होता. खाजेचा उगम रक्तातल्या द्रव्यात न शोधता ते द्रव्य ज्यांच्यावर काम करते त्या तारांतही शोधला पाहिजे. मूत्रपिंडाच्या रुग्णांचे चेतातंतू बिघडतात हे आधीपासून माहीत होते; पायांना मुंग्या, बधिरपणा त्यातूनच येतो. १९८९ मध्ये, पुन्हा स्वीडनमध्येच, या रुग्णांच्या बाह्यत्वचेत चेतातंतूंचे नवे धुमारे फुटलेले दिसले. एरवी जेथे तंतू विरळ असावेत तेथे ते वर चढले होते.

अफूच्या वाटेने

मॉर्फीन वेदना शमवते आणि खाज उत्पन्न करते, ही डॉक्टरांना जुनी ठाऊक असलेली विसंगती. शरीरात अफूसदृश द्रव्ये स्वतःचीही असतात. त्यांच्या ‘म्यू’ ग्राहकांना चेतवले की खाज वाढते, ‘कॅपा’ ग्राहकांना चेतवले की दबते. मग म्यूची वाट बंद करून पाहावी काय? १९९६ मध्ये इस्रायलमध्ये १५ रुग्णांना नाल्ट्रेक्सोन हे औषध देऊन तसे पाहिले आणि यश उत्तम आले. २००० साली जर्मनीत २३ रुग्णांवर तशीच चाचणी झाली. कोणाला औषध आणि कोणाला निष्क्रिय गोळी हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. औषधाचा उपयोग दिसला नाही. दोन्ही चाचण्या नीट आखलेल्या होत्या. विद्यार्थ्यांना आपण ‘प्रयोगाने सिद्ध झाले’ असे चटकन सांगतो. ही जोडी त्यांच्यापुढे ठेवावी आणि कोणावर विश्वास ठेवाल ते विचारावे.

कॅपाच्या वाटेने मात्र हाती काही लागले. जपानमध्ये नालफ्युराफिन हे औषध ३३७ रुग्णांवरील चाचणीनंतर २००९ मध्ये मान्य झाले. अमेरिकेत ३७८ रुग्णांवर डायफेलिकेफालिनची चाचणी झाली. हे औषध डायलिसिसनंतर शिरेतून देतात. खाज शून्य ते दहा या मापाने मोजली होती. ती तीन किंवा अधिक अंकांनी उतरली असे औषधाच्या गटात सुमारे ५२ टक्के रुग्णांच्या बाबतीत घडले, निष्क्रिय द्रव्याच्या गटात सुमारे ३१ टक्के. तेथील शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये त्याला परवानगी दिली. आमचे लक्ष मात्र त्या ३१ टक्क्यांवर खिळते. ज्यांना काहीच दिले नव्हते त्यांतल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याची खाज लक्षणीय उतरली. १९६८ पासून तुलनेचा गट न ठेवता जाहीर झालेले कितीतरी ‘रामबाण’ उपाय या आकड्यापुढे धरून पाहावेत.

आपल्याकडे सहज मिळणारे औषध आणखी निराळ्या दिशेने आले. गॅबापेंटिन हे फिट्‌सवरचे, पुढे चेतातंतूंच्या वेदनेवर वापरले जाऊ लागलेले औषध. तुर्कस्तानातील डॉक्टरांनी २००४ मध्ये २५ रुग्णांना ते चार आठवडे, आणि निष्क्रिय गोळी चार आठवडे, आळीपाळीने दिली. खाजेचा सरासरी अंक आधी ८.४ होता, निष्क्रिय गोळीवर ७.६, औषधावर १.२. वेदनेच्या बिघडलेल्या तारांवरचे औषध खाजेवर इतके चालावे, हा त्या तारांविरुद्धचा सबळ पुरावा झाला. येथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. हे औषध शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडेच करतात. ज्याची मूत्रपिंडे बंद आहेत त्याला नेहमीची मात्रा दिली तर ती साचत जाऊन भूल, तोल जाणे, बेशुद्धी इथवर मजल जाते. म्हणून ते डॉक्टरांनीच, अगदी थोड्या मात्रेत, बहुधा डायलिसिस संपल्यावर द्यायचे असते.

मग शेवटी कारण कोणते? आज जे चित्र आहे त्यात एक कारण नाही. घामाच्या व तेलाच्या ग्रंथी सुकून त्वचा कोरडी पडते, म्हणून कढत पाणी व जहाल साबण टाळून स्निग्ध मलम लावणे हा पहिला उपाय, आणि थोड्यांना तेवढाच पुरतो. शरीरात मंद दाह धुमसत असतो. जर्मनीत २००६ मध्ये खाज असलेल्या रुग्णांच्या रक्तात त्याच्या खुणा अधिक आढळल्या. अपुरे डायलिसिस, परावटू, स्फुरद, बिघडलेले चेतातंतू, अफूसदृश द्रव्यांचा ढळलेला तोल, ही बाकीची मंडळी. कोणत्या रुग्णात कोणाचा वाटा किती, हे सांगणारी चाचणी नाही. रक्ताची जुनी कल्पना अगदीच टाकाऊ मात्र ठरलेली नाही. मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी झाले की बहुतेकांची खाज जाते. काहींची रोपणानंतरही राहते.

कोणी विचारले नाही म्हणून

रोगाचा इतिहास लिहिताना औषधांचा इतिहास लिहिला जातो, आणि तो रोग असलेली माणसे बाजूला राहतात. या खाजेच्या बाबतीत ती मोजलीच गेली नव्हती. १९९६ पासून निरनिराळ्या देशांतील डायलिसिस केंद्रांची एक मोठी पाहणी सुरू झाली. १२ देशांतील १८,८०१ रुग्णांची माहिती तपासून २००६ मध्ये जे प्रसिद्ध झाले त्याने अनेकांना धक्का बसला. मध्यम ते अतितीव्र खाज ४२ टक्के रुग्णांना होती. अशा रुग्णांत मृत्यूची जोखीम १७ टक्क्यांनी जास्त होती. झोपेचा दर्जा हिशोबात घेतला तेव्हा हा फरक उरला नाही. याचा अर्थ, खाज थेट मारत नसावी. ती झोप खाते, आणि पुढचे नुकसान त्या वाटेने होत असावे. शेजारच्या खाटेवरची माणसेही जागी राहतात, ते कोणत्या आकडेवारीत येत नाही.

त्याच पाहणीचा पुढचा हप्ता २०१७ चा, १७ देशांतला. त्यात केंद्रप्रमुख डॉक्टरांना विचारले होते, तुमच्याकडे किती रुग्णांना खाज असेल? ६९ टक्के केंद्रांत उत्तर प्रत्यक्षापेक्षा कमी आले. आणि ज्यांना जवळजवळ सतत खाज होती अशा रुग्णांपैकी १७ टक्के लोकांनी ती कोणालाच सांगितली नव्हती. डॉक्टरला नाही, परिचारिकेला नाही. आठवड्यातून तीनदा, चार चार तास, ते त्यांच्यासमोरच पडून होते.

भारत या पाहण्यांत नव्हता. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे आपल्या जिल्हा रुग्णालयांतही यंत्रे आली, आणि डायलिसिसवर असलेला पालक, आजोबा किंवा सहकारी शिक्षक आता कोणत्याही शाळेच्या परिचयात असू शकतो. आपल्याकडे बोलण्याला एक जास्तीचा अडसर आहे. मराठीत खाज म्हटले की खरूज आठवते, खरूज म्हटली की अस्वच्छता आणि लागण. शिवाय ‘कसली खाज आहे याला’ हा आपल्या भाषेतला टोमणाच आहे. डायलिसिसची खाज स्पर्शाने पसरत नाही, टॉवेल-अंथरूण वेगळे केल्याने काही साधत नाही, आणि आंघोळ वाढवली तर ती वाढण्याचाच संभव. घरात मात्र हेच तीन उपाय आधी होतात, आणि रुग्ण गप्प बसतो.

चाचण्यांत जे माप वापरतात त्यात यंत्र नाही, रक्ताची बाटली नाही. गेल्या २४ तासांतली सर्वांत वाईट खाज किती होती ते शून्य ते दहा यांतल्या एका आकड्यात सांगा, एवढेच रुग्णाला विचारतात. डायफेलिकेफालिनची सारी चाचणी या प्रश्नावर उभी होती.